तंबोरा तुटतोय: घरच्या नेटवर्कच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

बाबांची तक्रार तीन शब्दांची आहे: "तंबोरा मधेच तुटतो." तबल्याची एखादी मात्रा गेली तर ते तबलजीवर खापर फोडून मोकळे होतील. तंबोऱ्याचं तसं होत नाही. तो सलग चालू असतो, त्यामुळे पाव सेकंदाची फट पडली तरी जिना उतरताना एक पायरी नसल्यासारखं वाटतं.

मांडणी लिहून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको. आतल्या खोलीत फायबरचं कनेक्शन, कंपनीने दिलेला डबा, त्याला जोडलेला माझा ओपन-डब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर घातलेला राउटर आणि जुना डेस्कटॉप. सगळं संगीत डेस्कटॉपवर. हॉलमध्ये शोकेसच्या खालच्या कप्प्यात रास्पबेरी पाय ३-बी हा छोटा संगणक (पुढे नुसता "पाय"), त्यावर मूड ऑडिओ हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर, यूएसबीने डॅक (आकड्यांचा आवाज करणारा डबा), पुढे अ‍ॅम्प्लिफायर आणि सोनोडाइनचे जुने स्पीकर. पाय वायफायवर. मधे नऊ इंची विटांच्या दोन भिंती. फोनवरच्या अ‍ॅपमधून ट्रॅक निवडायचा, पाय तो डेस्कटॉपवरून ओढून वाजवतो.

तुटतं ते सगळंच तुटत नाही, ही पहिली गोष्ट. सीडीवरून उतरवलेलं कधीच तुटत नाही. तुटतात त्या फक्त बैठकीच्या कॅसेटी.

या कॅसेटी म्हणजे बाबांच्या गुरुजींच्या घरगुती बैठका, १९८० च्या दशकात टू-इन-वनवर घेतलेल्या. एकूण ३१. वरच्या मजल्यावरच्या काकांनी मागच्या हिवाळ्यात त्यांच्या डेकवरून त्या संगणकात घेतल्या. काका ऑडिओच्या नादातले, त्यामुळे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. टू-इन-वनच्या माइकवर घेतलेल्या कॅसेटला १९२ म्हणजे चहाच्या कपासाठी टँकर मागवण्यासारखं. पण त्यांनी वेळ घालून, फुकट करून दिलं. मी काय बोलणार?

३ जून, मंगळवार

आज नुसती मोजमापं. दुपारी आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने हॉलपर्यंतचा वेग मोजला: सेकंदाला १८ मेगाबिट (एमबीपीएस). रात्री नऊला: ११, कधी ७. पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायचा वेळ, बहुतेक वेळा ५ मिलिसेकंद, पण मधेच ९०० ला उडी.

आजूबाजूची वायफाय मोजली तर २३ नावं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त चॅनल ६ वर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. काकांचा नवा राउटर बरोबर डोक्यावर, ६ वर, तोही ४० मेगाहर्ट्झ पसरून. काकांना विचारून तो २० वर आणला, आणि आपला ११ वर हलवला. पाय ३-बी ला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही, तेव्हा तो रस्ता बंद. पायच्या वायफायचं पॉवर-सेव्हही बंद केलं. त्याने पिंगच्या उड्या बऱ्याच कमी झाल्या.

७ जून, शनिवार

तरी तुटतंच. बाबांना वही दिली होती: तुटलं की वेळ लिहा. वहीत चार दिवसांत सहा नोंदी, सगळ्या रात्री साडेनऊ ते पावणेदहा.

आई साडेनऊला मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवते.

खात्री करायला पेलाभर पाणी ठेवून दोन मिनिटं चालू केलं. वेग ११ वरून २ च्या खाली. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, वायफायचा पट्टा तोच, आणि आमचं स्वयंपाकघर राउटर आणि हॉलच्या बरोबर मधे. आईला सांगितलं तर म्हणाली, "गाण्यासाठी मी दूध गॅसवर तापवायचं का?" प्रश्न बरोबर आहे.

८ जून, रविवार

पण मग सीडीच्या फाइल का तुटत नाहीत? कागदावर हिशोब केला. तो इथे ठेवते, कारण सगळं कोडं त्यातच सुटलं.

सीडी: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, १६ बिट, डावी-उजवी अशा दोन बाजू. सेकंदाला १,४११ किलोबिट. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता दाबलेल्या फाइलमध्ये, साधारण निम्मं. म्हणजे वेग २ वर आला तरी गाडी चालते.

काकांची वेव्ह: १,९२,००० गुणिले २४ गुणिले २. सेकंदाला ९.२ मेगाबिट. रात्रीच्या ७–११ मध्ये हे आधीच काठावर, दूध तापायला लागलं की संपलंच.

दुसरा भाग बफरचा, म्हणजे वाजण्याआधी साठवून ठेवलेल्या आवाजाचा. मूडच्या पोटात एमपीडी हा वाजवणारा प्रोग्रॅम आहे आणि त्याचा बफर माझ्याकडे ४,०९६ किलोबाइटचा. उलगडलेला आवाज त्यात साठतो. सीडीचा आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट, म्हणून बफर जवळजवळ २४ सेकंद पुरतो. २४ बिटांचा नमुना एमपीडी ४ बाइटांत ठेवतो, तेव्हा काकांच्या फाइलला सेकंदाला १५,३६,००० बाइट लागतात. तोच बफर २.७ सेकंदांत रिकामा. जी फाइल जास्त ओढते तिलाच शिदोरी कमी. सीडी वाजताना नेटवर्क तितकंच लंगडत असणार. २४ सेकंदांच्या पडद्यामागे ते दिसत नव्हतं इतकंच.

संध्याकाळी बफर चौपट केला. सुधारलं, गेलं नाही. सरासरी वेगच कमी पडत असेल तर बफर फक्त मरण पुढे ढकलतो.

सगळ्या वेव्ह फाइलींचं फ्लॅकही करायला लावलं. ४५ मिनिटांची एक बाजू ३.१ जीबीवरून १.९ वर आली. कॅसेटचा फुसफुस आवाज फारसा दाबला जात नाही, नाहीतर आणखी कमी झाली असती. वेव्ह काढून टाकल्या नाहीत, वेगळ्या डिस्कवर ठेवल्या.

१४ जून, शनिवार

तार टाकायची ठरवलं. मेशचा, म्हणजे वायफाय पुढे पोचवणाऱ्या जास्तीच्या डब्यांचा, विचार झाला, पण हॉलमधला मेशचा डबा राउटरशी बोलणार हवेतूनच. विजेच्या वायरिंगमधून नेटवर्क नेणारे डबेही पाहिले. आमची इमारत १९८४ ची, वायरिंगला तेव्हापासून किती जणांचे हात लागलेत देव जाणे. नको.

आतल्या खोलीतून हॉलपर्यंत लँडलाइनचा जुना पाइप भिंतीतून गेलेला आहे. लँडलाइन परत करून कित्येक वर्षं झाली, तार आत तशीच. हा पाइप आजवर कुणाला आठवला नाही याचं श्रेय बोर्डावर टांगलेल्या कालनिर्णयला.

१५ जून, रविवार

कॅट ६ नेटवर्क केबल कालच पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणली होती, २० मीटर, मीटरला १८ रुपये. स्वस्त पडली म्हणून खूश होते. घरी हातात घेतली तेव्हा हलकी वाटली. आज सुरीने एक तार खरवडली. वरून तांबं, आत चांदीसारखं पांढरं: अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पायला १०० एमबीपीएसच लागतात, तेवढं यातूनही गेलं असतं. पण अशी तार वळणावर मोडते आणि कॅट ६ च्या मानकात ती बसतच नाही. एकदा भिंतीत घातलेली केबल मी पुन्हा काढणार नाही, तेव्हा खरं तांबं हवं. उद्या परत जाते.

१६ जून, सोमवार

दुकानदाराने वाद घातला नाही. फरकाचे पैसे घेऊन शुद्ध तांब्याची दिली, मीटरला ३२. दुकानातच खरवडून पाहिली. तो म्हणाला, "ताई, सगळे हीच नेतात." यात "ही" कुठली ते मी विचारलं नाही.

२१ जून, शनिवार

इलेक्ट्रिशियन आज येणार होता. पालख्या पुण्यात मुक्कामाला, तो राहतो नाना पेठेत, रस्ते बंद. फोनवर म्हणाला, "ताई, माऊली पुढे गेली की येतो." ठीक.

२२ जून, रविवार

वाट बघवली नाही. आम्ही दोघांनीच केलं.

युक्ती सोपी: जुन्या फोनच्या तारेला नवी केबल बांधायची, चिकटपट्टी गुंडाळून टोक निमुळतं करायचं, आणि हॉलकडून जुनी तार ओढायची. बाबा आतून केबल सरकवत होते, मी ओढत होते. साधारण नऊ मीटरवर अडकली. दुसरं वळण तिथे असणार. मागे घेतली, केबलला टाल्कम पावडर चोळली, पुन्हा. तीन वेळा. चौथ्यांदा सरकन आली आणि मी शोकेसवर आपटले. बाबांनी आतून विचारलं, "सम आली का?"

टोकं बसवली. क्रम: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. लॅपटॉप लावून पाहिलं तर लिंक १,००० एमबीपीएसऐवजी (गिगाबिट) १०० वर. म्हणजे चारपैकी एखादी जोडी बसलेली नाही. १०० ला १, २, ३ आणि ६ एवढ्या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. पायला फरक पडला नसता. पण माझ्या डोक्यात ते राहिलं असतं. हॉलचं टोक कापून पुन्हा बसवलं. १,०००.

पायचं वायफाय बंद केलं. आयपर्फ: ९४ एमबीपीएस, रात्री साडेनऊलाही ९४. पेलाभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये: ९४. बाबांनी कॅसेट ३ पूर्ण ऐकली. वहीत काही नाही.

२४ जून, मंगळवार

तुटत नाही, पण आता प्लेयरच गायब होतो. पाय चालू केला की फोनच्या अ‍ॅपमध्ये दिसतो, चार-पाच मिनिटांनी अ‍ॅप पुन्हा उघडलं की नाही. जे वाजतंय ते वाजत राहतं. पाय पुन्हा चालू केला की परत चार-पाच मिनिटं.

आईचं म्हणणं, वायफाय होतं तेव्हा निदान दिसत तरी होतं.

२५ जून, बुधवार

सापडलं. दोष माझ्या हौसेचा. केबलबरोबर आतल्या खोलीत नेटवर्कच्या तारा जोडणारा पाच पोर्टांचा पत्र्याच्या डब्यातला "स्मार्ट" स्विच घेतला होता, ज्याच्या स्मार्टपणाची मला काडीची गरज नव्हती. त्यात आयजीएमपी स्नूपिंग आपोआप चालू होतं.

काय होतं ते असं. फोनचं अ‍ॅप "इथे कुणी प्लेयर आहे का?" अशी हाळी २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर देतं. स्नूपिंग करणारा स्विच ही हाळी सगळ्यांच्या दारी नेत नाही, ज्यांनी "मला ऐकायचंय" म्हणून नाव नोंदवलंय त्यांच्याकडेच नेतो. पाय चालू होताना नाव नोंदवतो. पण ही नोंद टिकायची तर कुणीतरी दर दोन मिनिटांनी हजेरी घ्यावी लागते. आमच्या नेटवर्कात हजेरी घेणारं कुणीच नव्हतं. ठरलेल्या नियमाने २६० सेकंद हजेरी झाली नाही की नाव खोडतात. २६० सेकंद म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. काल घड्याळ लावून बसले असते तर तेव्हाच ओळखलं असतं.

दोन उपाय: राउटरला हजेरी घ्यायला लावणं, किंवा स्नूपिंग बंद करणं. घरात सात उपकरणं. बंद केलं.

२६ जून, गुरुवार

गुरुवार, देखभालीसाठी वीज बंद. इन्व्हर्टर उचलतो, पण उचलेपर्यंतच्या झटक्यात राउटर, स्विच आणि पाय तिन्ही बंद होऊन चालू झाले. पाय झालाच नाही. त्याचं मेमरी कार्ड खराब. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की हे कधीतरी होणारच.

दुसऱ्या कार्डावर मूड टाकून तात्पुरतं चालू केलं. राउटर आणि स्विचसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मागवला.

२८ जून, शनिवार

काका खाली आले. हातात दोन केबली: जाड, विणलेलं कवच, दोन्ही टोकांना धातू. एक दोन मीटरची, एक पंधरा. "बाळ, तुझी ती गल्लीतली केबल काढ आणि ही लावून बघ."

डेस्कटॉप ते स्विच छोटी, स्विच ते पाय मोठी, जमिनीवरून. लावल्याबरोबर स्पीकरमधून "हूंऽऽ". ५० हर्ट्झ, काळी एकच्या बरंच खाली, असं बाबांचं निदान. कारण उघड आहे: डेस्कटॉपला तीन पिनी, अर्थिंग, अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनी, अर्थिंग. नेटवर्कच्या पोर्टांत ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे साध्या केबलीने विजेच्या दृष्टीने दोन्ही बाजू सुट्या राहतात. काकांच्या केबलींच्या कवचाने ती सुटी टोकं जोडली. डेस्कटॉपपासून स्विच, पाय, डॅक, अ‍ॅम्प्लिफायर असं वर्तुळ पूर्ण. माझी साधी केबल परत लावली, हूं गेलं.

काका हार मानणारे नव्हेत. भिंतीतली तुझी राहू दे म्हणाले, भिंतीपासून पायपर्यंतचा शेवटचा तुकडा माझा लाव, त्यानेही जवारी खुलते. जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो झंकार, हा शब्द त्यांनी बाबांसमोर वापरला, म्हणजे आता परीक्षा आलीच. मी शोकेसच्या मागे, नाणं उडवून केबल बदलायची किंवा बदलल्याचं नाटक करायचं. १६ वेळा. नुसत्या नशिबाने १२ बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांच्याही खाली, म्हणून १२ ची अट ठेवली. काकांचे ७ बरोबर आले. बाबांनी भाग घेतला नाही. ते गाणं ऐकत होते.

मग मला राहवलं नाही. बफर मी आठ तारखेला चौपट केला होता, तो परत मुळावर आणला, सीडीतला यमन लावला, आणि मिनिटभराने केबल पायमधून पूर्ण उपटून काकांच्या हातात दिली. गाणं चालूच. वीसेक सेकंद आम्ही तिघं त्या लोंबत्या टोकाकडे बघत यमन ऐकत होतो.

"आत्ता कुठली केबल वाजतेय, काका?"

काका हसले. जाताना केबली घेऊन गेले आणि जिन्यातून म्हणाले, "तरी पण फरक आहे." त्यांच्या त्या डेकशिवाय या ३१ कॅसेटी आज डब्यातच असत्या, त्यामुळे त्यांचं सगळं माफ.

२९ जून, रविवार

छोटी नोंद. डेस्कटॉपचा बॅकअप वर चढत असताना बाबांचा इंटरनेटवरचा आकाशवाणीचा कार्यक्रम अडखळतो. पिंग ९ वरून ३८० ला जातो. राउटरवर केक नावाचा डेटाच्या रांगशिस्तीचा प्रकार चालू केला, मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्के. आता बॅकअप चालू असताना पिंग १५. बॅकअप रात्री दोनला लावला असता तरी चाललं असतं.

२ जुलै, बुधवार

बाबांची नवी तक्रार, आणि ही रास्त. सीडीत विलंबित एक ट्रॅक, द्रुत दुसरा. विलंबित संपून द्रुत उचलताना मधे क्षणभर शांतता. तंबोरा पुन्हा तुटला. या वेळी नेटवर्क निर्दोष: फोनचं अ‍ॅप पुढच्या ट्रॅकचा पत्ता प्लेयरला आधी कळवतच नाही, पहिला संपल्यावर सांगतं.

सगळंच बदललं. डेस्कटॉपवर लिरियन म्युझिक सर्व्हर, पायवर मूडच्या जागी पाय-कोअर-प्लेयर. लिरियन म्हणजे स्क्वीझबॉक्स या जुन्या नेटवर्क प्लेयरचा सर्व्हर. लॉजिटेकने २००६ मध्ये स्लिम डिव्हायसेस ही कंपनी घेतली, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स बंद केला, पण सर्व्हरचा कोड खुला असल्याने लोकांनी तो चालू ठेवला. २०२४ पासून हे नवं नाव. पुढचा ट्रॅक तो आधीच प्लेयरकडे पाठवायला लागतो, त्यामुळे विलंबिताला द्रुत चिकटून येतं. प्लेयर सर्व्हरला ३४८३ पोर्टवर साध्या ब्रॉडकास्टने, म्हणजे सगळ्यांना एकदम मारलेल्या हाकेने, शोधतो, त्यामुळे स्नूपिंगची भानगडही नाही. आणि पाय-कोअर-प्लेयर चालू झाला की सगळा मेमरीत जातो, कार्डावर लिहीत बसत नाही. गुरुवारची भीती गेली.

एकाच बदलात तीन गोष्टी सुटल्या की मला संशय येतो. आठवडाभर बघू.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. घरी आत्या, साबुदाणा खिचडी, अभंग. आत्याला तिच्या फोनवरून अभंग लावायचा होता, तिला प्लेयर दिसेना. वीस मिनिटं मी राउटर खणला. आत्याचा फोन कंपनीच्या डब्याच्या जुन्या वायफायवर होता. ते वेगळं नेटवर्क, आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. डब्याचं वायफाय बंद करायचा पर्याय कंपनीने आम्हाला ठेवलेलाच नाही, म्हणून सेवा केंद्राला फोन, तिकीट, पुन्हा फोन. "आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय मॅडम." शेवटी डब्याच्या वायफायचं नाव बदलून "इथे जोडू नका" ठेवलं.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा, आणि गुरुवार. बाबांनी सकाळी गुरुजींच्या फोटोला हार घातला आणि कॅसेट ७ लावायला सांगितली.

दहा वाजता वीज गेली. पंखा क्षणभर मंदावला, इन्व्हर्टर लागला. राउटर, स्विच छोट्या यूपीएसवर, पाय त्यालाच जोडलेला. तंबोरा हललाही नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पण काही बोलले नाही.

पाऊण तासाने मात्र एकदम शांतता. विलंबित मधेच, आवर्तन अर्ध्यावर. मी फोन घेऊन धावले. सर्व्हर चालू, पाय चालू, लिंक १०० वर, बफर भरलेला. पुढची फाइल सुरूसुद्धा झाली होती, पण गाणं कुठल्या तरी पुढच्याच जागी होतं.

"अगं, तुझं यंत्र ठीक आहे," बाबा म्हणाले. "कॅसेटची बाजू संपली. उलटवायला मी तेव्हा उठलो, आणि बटण दाबेपर्यंत गुरुजी पुढे गेले."

मग ती राहिलेली दोन आवर्तनं त्यांनी म्हणून दाखवली. मी मागे जाऊन बाजू अ चा शेवट पुन्हा लावला, ते परत तिथूनच उचलून म्हणाले.

तुटणे: ०. कॅसेट ७ च्या दोन बाजूंच्या फाइल जोडलेल्या नाहीत. बाबांनी तसंच ठेवायला सांगितलंय.